तीन हजार एकरांचा खेळ

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हेमार्केट नावाचं एक लहानसं गाव आहे. 1990च्या सुमारास त्याची वस्ती जेमतेम पाचशे होती. राजधानी वॉशिंग्टन तिथून पूर्वेला साधारण 55 किलोमीटर. 1993च्या नोव्हेंबरात या गावाला कळलं, की आजूबाजूच्या जमिनी इसार देऊन अडवणारे निरनिराळ्या नावांचे खरेदीदार मुळात एकच आहेत, आणि ती वॉल्ट डिस्ने कंपनी आहे. 11 नोव्हेंबरला कंपनीने रीतसर घोषणा केली. 3,000 एकर जागा, 65 कोटी डॉलरची गुंतवणूक, 1998 मध्ये उद्घाटन आणि नाव ‘डिस्नेज अमेरिका’. अमेरिकेच्या इतिहासावर बेतलेलं करमणूक केंद्र तिथे उभं राहणार होतं. नवनिर्वाचित गव्हर्नर जॉर्ज ॲलन खूश होते, काउंटीचे बहुतेक लोकप्रतिनिधी खूश होते, आणि डिस्नेला नाही म्हणणारं कोणी भेटेल असं कंपनीच्याही मनात नव्हतं. साडेदहा महिन्यांनी, 28 सप्टेंबर 1994 रोजी, कंपनीने तिथून गाशा गुंडाळला.

शहरात किंवा शहराच्या वेशीवर करमणूक केंद्र येऊ घातलं की जो वाद पेटतो, त्याचे जवळपास सगळे धागे या एका प्रकरणात सापडतात. शिवाय विरोधकांनी सरकारी पातळीवरच्या बहुतेक लढाया गमावल्या आणि तरी ते जिंकले. ते कसं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी जमिनीचं बघू. पाळणे, रोलर कोस्टर, देखावे, रंगमंच या सगळ्याला शे-दोनशे एकर पुरतात. मग तीन हजार एकर कशाला? याचं उत्तर 1955 सालात आहे. त्या वर्षी 17 जुलैला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये पहिलं डिस्नेलँड सुरू झालं. वॉल्ट डिस्नेंकडे तेव्हा जागा होती सुमारे 160 एकर. उद्यान तुफान चाललं आणि त्याच्या कुंपणाबाहेर बघता बघता मोटेल, खानावळी, पाट्या आणि वाहनतळांची रांग लागली. जत्रेत देवापेक्षा बाहेरचे दुकानदार जास्त कमावतात, तसंच झालं. गर्दी आणली डिस्नेंनी आणि पैसा मिळवला शेजाऱ्यांनी. हा धडा डिस्ने विसरले नाहीत. पुढच्या खेपेला फ्लोरिडात ओरलँडोजवळ त्यांनी बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप 27,000 एकरांहून अधिक जमीन घेतली. एकरी सरासरी भाव दोनशे डॉलरच्याही आत पडला. 1965 मध्ये खरेदीदाराचं नाव फुटलं आणि उरलेल्या जमिनीचे भाव भडकले. पण तोवर हवी ती जमीन ताब्यात आलेली होती. हॉटेलं आपली, रस्ते आपले, आणि 1967 मध्ये राज्य विधिमंडळाने कायदा करून दिल्यामुळे पाणी, सांडपाणी आणि बांधकाम परवान्यांचा कारभारही जवळपास आपलाच.

व्हर्जिनियाच्या आराखड्याकडे या इतिहासातून पाहिलं की तो लगेच उलगडतो. करमणूक केंद्राभोवती सुमारे अडीच हजार घरं, तेराशेहून अधिक खोल्यांची हॉटेलं, गोल्फचं मैदान, जलक्रीडा उद्यान आणि दुकानं-कार्यालयांसाठी जवळपास 20 लाख चौरस फूट जागा. मुंबईकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो: महालक्ष्मीचं रेसकोर्स 211 एकरांचं आहे. म्हणजे डिस्नेला तशी चौदा रेसकोर्स हवी होती आणि त्यातल्या एकाच्या आसपासच्या जागेवर इतिहासाचा देखावा मांडायचा होता. बाकी सगळी जमिनीची उलाढाल. लोकांना बातमी सांगितली जाते ती पाळण्यांची. विरोध समजून घ्यायचा तर नजर उरलेल्या तेरांवर ठेवावी लागते.

विरोध कोणी केला? इथे जरा थांबायला हवं, कारण ‘स्थानिकांचा विरोध’ म्हणताना आपण सगळे स्थानिक एका रांगेत बसवतो. हेमार्केट ज्या प्रिन्स विल्यम काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, पण स्वतःचं निवडून आलेलं मंडळ आणि जमीनवापर ठरवण्याचा अधिकार असलेला), तिथले बरेच रहिवासी मध्यमवर्गीय होते. रोज सकाळी गाडी काढून वॉशिंग्टनकडे नोकरीला जाणारे. अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीसारख्या स्थानिक करातून निघतो. नुसतीच घरं वाढली की मुलं वाढतात, शाळा वाढतात आणि त्या घरांचा कर शाळांच्या खर्चाला पुरत नाही. म्हणून अशा काउंटीला धंदा हवा असतो, जो कर भरतो आणि शाळेत मुलं पाठवत नाही. डिस्ने सुमारे तीन हजार थेट नोकऱ्या आणि भरघोस कर देऊ करत होती. गावातल्या कित्येकांनी तिचं मनापासून स्वागत केलं आणि त्यांना भोळे म्हणण्याचं काही कारण नाही.

विरोधाची पहिली फळी उभी राहिली ती शेजारच्या काउंटीतून. पश्चिमेला फॉकियर आणि लाउडन हा घोड्यांचा मुलूख. लांबच लांब कुरणं, दगडी कुंपणं, कोल्ह्याच्या शिकारीची जुनी परंपरा आणि पिढीजात श्रीमंती. अब्जाधीश कलासंग्राहक पॉल मेलन यांची इस्टेट याच भागात होती. या टापूची राखण करण्यासाठी 1972 मध्ये पीडमॉन्ट एन्व्हायर्नमेंटल कौन्सिल नावाची संस्था स्थापन झाली होती, आणि डिस्नेविरुद्ध पहिला शड्डू तिनेच ठोकला. डिस्नेच्या समर्थकांनी मग अपेक्षित तो टोला हाणला, की बंगल्यातल्या लोकांना त्यांच्या खिडकीतला देखावा बिघडायला नको आहे आणि त्यासाठी गरिबांच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या तरी चालतील. या आरोपात तथ्य होतं. पण ज्याच्याकडे वकील, वेळ आणि ओळखी आहेत तोच आधी बोलतो, हे जगभरचं वास्तव आहे. म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

मुद्दे होते तरी काय? रस्ता हा पहिला. हेमार्केटला वॉशिंग्टनहून जाणारा मोठा महामार्ग एकच, आय-66, आणि तो नोकरदारांच्या गाड्यांनी सकाळ-संध्याकाळ आधीच तुंबलेला. त्यावर दर वर्षी लाखो पर्यटक कसे जाणार? रुंदीकरण करायचं तर पैसा कोण देणार? हवा हा दुसरा. 1990 मध्ये सुधारलेल्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याखाली वॉशिंग्टन परिसर ओझोनच्या बाबतीत गंभीर श्रेणीत टाकलेला होता. गाड्यांचा धूर कमी करायची सक्ती असलेल्या भागात गाड्या ओढणारा प्रकल्प आणायचा, हे कसं जमणार? तिसरा मुद्दा पाण्याचा. या भागातले ओढे बुल रन नावाच्या नदीला मिळतात आणि तिचं पाणी पुढे ऑकोक्वान जलाशयात जातं, जिथून लाखो लोक पितात. आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: शहर पसरण्याचा. वॉशिंग्टनची वाढ आय-66 धरून पश्चिमेला सरकतच होती. डिस्नेने मुक्काम ठोकला, तर मधली सगळी शेती पंधरा-वीस वर्षांत घरांखाली जाईल, असा संस्थेचा हिशेब होता. करमणूक केंद्र शहराच्या मध्याजवळ, जिथे रेल्वे आणि रस्ते आधीच आहेत तिथे करा, असंही ती सुचवत होती. डिस्नेला सरसकट नकार द्यायच्या ऐवजी ‘जागेचा फेरविचार करा’ अशी भूमिका घेण्यात शहाणपण होतं. मिकी माउसचा शत्रू कोणालाच व्हायचं नसतं.

एवढं होऊनही पहिली फेरी विरोधक हरले. मार्च 1994 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रस्ते आणि इतर कामांसाठी 16 कोटी डॉलरहून अधिक रकमेची मदत मंजूर केली. डिस्नेने राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, आपली माणसं कामाला लावली होती, गव्हर्नर पाठीशी होते, आणि ‘प्रकल्प दुसऱ्या राज्यात जाईल’ ही धमकी तिकडेही चालते. आपल्याकडे ‘गुजरातला जाईल’ म्हणतात, तिकडे मेरीलँडचं नाव घ्यायचं. वाहतूक, हवा, पाणी, पसरण हे सगळे मुद्दे खरे असूनही राज्याच्या सभागृहात टिकले नाहीत. असे मुद्दे आकड्यांचे असतात. प्रत्येक आकड्याला दुसरा आकडा काढणारा सल्लागार विकत मिळतो.

मग वादाने वळण घेतलं ते भूगोलामुळे. प्रकल्पाच्या जागेपासून पाच-सात किलोमीटरवर मनॅससचं रणांगण आहे. अमेरिकी यादवी युद्धाची पहिली मोठी लढाई 21 जुलै 1861 रोजी इथेच झाली. वॉशिंग्टनमधले काही हौशी लोक त्या दिवशी फराळाच्या टोपल्या घेऊन लढाई बघायला आले होते; त्यांना वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत बंडखोर पळतील. पळाले ते उत्तरेचे सैनिक. दक्षिणेच्या जनरल जॅक्सनला ‘स्टोनवॉल’ हे नाव इथल्याच एका टेकडीवर मिळालं. वर्षभराने, ऑगस्ट 1862 च्या अखेरीस, त्याच मातीवर दुसरी, आणखी रक्तरंजित लढाई झाली. दोन्ही मिळून पंचवीस हजारांहून अधिक माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली.

या रणांगणाला धंद्याची नजर लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. 1973 मध्ये मॅरियट कंपनीने रणांगणाला खेटून ‘ग्रेट अमेरिका’ नावाचं करमणूक केंद्र काढायचं ठरवलं होतं. तेव्हाही स्थानिक विरोध झाला, दिरंगाई झाली, आणि मॅरियटने आपली केंद्रं अखेर 1976 मध्ये इलिनॉयमधल्या गर्नीला आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला उघडली. 1988 मध्ये रणांगणालगत प्रचंड मोठा मॉल बांधायचा घाट घातला गेला. काउंटी बिल्डरच्या बाजूने होती आणि बुलडोझर कामाला लागले होते. तेव्हा अमेरिकी काँग्रेसने थेट कायदा करून 540 एकरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली आणि राष्ट्रीय उद्यानात घातली. सरकारी तिजोरीला हा सौदा दहा कोटी डॉलरच्या वर पडला. त्या लढ्यात सिनेटमध्ये पुढे होते आर्कान्सॉचे डेल बम्पर्स. एकाच परिसरात दोन लढे झाले की तिथल्या लोकांना कागद कुठे अडतो, कोणाला फोन करायचा, सुनावणीत किती मिनिटं मिळतात, हे पाठ होतं. वॉशिंग्टनमधल्या वारसा संस्थांनाही मनॅसस हे नाव नवं राहिलं नव्हतं. डिस्नेने जागा निवडताना आय-66 पाहिला, जमिनीचा भाव पाहिला. हा पूर्वेतिहास कोणी गंभीरपणे पाहिला असेल असं दिसत नाही. आणि कंपनी तिथे इतिहासाचंच उद्यान बांधणार होती!

आराखड्यात इतिहासाचे कप्पे पाडलेले होते. मूळ रहिवाशांचं खेडं, यादवी युद्धातला किल्ला, बाहेरून आलेल्या स्थलांतरितांची कहाणी सांगणारी एलिस बेटासारखी इमारत, कारखान्यांचं गाव आणि त्यात वितळलेल्या पोलादाच्या कढईवरून झेपावणारा रोलर कोस्टर, दुसऱ्या महायुद्धाचा विमानतळ, एक शेतघर, एक जत्रा. रचनाकारांपैकी बॉब वाइस यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की पाहुण्यांना गुलामाचं जिणं आणि त्यातून निसटण्याचा अनुभवही इथे देता येईल. कंपनीला बहुधा आपण गंभीर आहोत हे दाखवायचं होतं. परिणाम उलटा झाला. तिकीट काढून, आइस्क्रीम खात, गुलामगिरीचा अनुभव? व्हर्जिनियातच जन्मलेले कादंबरीकार विल्यम स्टायरन यांनी न्यू यॉर्क टाइम्समध्ये याचा कडक समाचार घेतला.

मे 1994 मध्ये ‘प्रोटेक्ट हिस्टॉरिक अमेरिका’ नावाचा गट पुढे आला. त्यात ट्रुमनच्या चरित्राबद्दल पुलित्झर मिळवलेले डेव्हिड मॅकलो होते, यादवी युद्धाचे प्रिन्स्टनमधले अभ्यासक जेम्स मॅकफर्सन होते, दक्षिणेच्या इतिहासाचे ज्येष्ठ अभ्यासक सी. व्हॅन वुडवर्ड होते, आणि केन बर्न्स यांच्या यादवी युद्धावरच्या 1990 च्या माहितीपटामुळे घरोघरी ओळखीचे झालेले शेल्बी फूट होते. वारसा जतनाचं काम करणारा राष्ट्रीय न्यासही सोबत आला. आता हा एका काउंटीच्या जमीनवापराचा प्रश्न उरला नाही. मिनेसोटातल्या आणि टेक्ससमधल्या वर्तमानपत्रांतही त्यावर अग्रलेख आणि व्यंगचित्रं येऊ लागली. ज्यांनी हेमार्केटचं नावही ऐकलं नव्हतं, ते त्याविषयी तावातावाने बोलू लागले.

या मंडळींचं सगळंच मला पटतं असं नाही. डिस्नेची जागा रणांगणावर नव्हती, बाहेर होती. भाषणांत मात्र दोन्ही एकच असल्यासारखं बोललं जाई. शिवाय इतिहास लोकांना रंजक करून दाखवणं हा मुळातच गुन्हा आहे, असा एक सूर त्यात होता. तो विद्वानांचा नेहमीचा सूर आहे. पुण्याजवळ आंबेगावला उभ्या राहत असलेल्या शिवसृष्टीला सहलीच्या बसमधून जाणारी शाळकरी मुलं काही संशोधन ग्रंथ वाचून येत नाहीत, आणि त्यांना तिथे काही मिळत नाही असं म्हणणं उद्धटपणाचं होईल. खुद्द अमेरिकेतही सगळे इतिहासकार विरोधात नव्हते. आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे अभ्यासक जेम्स हॉर्टन यांनी या प्रकल्पात सल्लागार म्हणून काम केलं. त्यांची बाजू अशी, की लाखो लोक जिथे जाणारच आहेत तिथे गुलामगिरी खरी सांगितली जावी, म्हणून आतून प्रयत्न करावा. हा युक्तिवाद आजही मला अधिक प्रामाणिक वाटतो.

पण युक्तिवादाचं वजन आणि लढ्यातलं वजन या दोन वेगळ्या गोष्टी. धूर, वाहनं आणि जलाशय यांचा हिशेब ज्या कंपनीने रिचमंडमध्ये सहज परतवला, तिला इतिहासकारांना परतवणं जमेना. डिस्ने विकते ते काय? तिकीट, बाहुल्या आणि चित्रपट यांच्या मुळाशी ती आपलं निरागस, कुटुंबवत्सल नाव विकते. सिमेंटचा कारखाना असता तर नाव खराब होण्याने त्याचं फारसं बिघडलं नसतं. करमणुकीच्या धंद्यात नाव हीच गिरणी. 21 जून 1994 रोजी बम्पर्स यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटच्या उपसमितीत सुनावणी झाली. संघराज्य सरकारला काउंटीच्या परवानगीत थेट पडता येत नव्हतं, त्यामुळे सुनावणीतून हुकूम निघण्याची शक्यता नव्हती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे मात्र आले, आणि कॅमेऱ्यांसमोर एका बाजूला राष्ट्राचे आदरणीय इतिहासकार, दुसऱ्या बाजूला कंपनीचे अधिकारी, असं चित्र देशाने पाहिलं. त्याच सुमारास कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर यांनी वॉशिंग्टन पोस्टला मुलाखत दिली. शाळेतला इतिहास आपल्याला कंटाळवाणा वाटे, असं ते बोलून गेले आणि लोक आपल्याला खांद्यावर घेऊन मिरवतील अशी अपेक्षा होती, असंही. या एका मुलाखतीने विरोधकांचं जेवढं काम केलं, तेवढं त्यांच्या कुठल्याच पत्रकाने केलं नसेल.

फक्त विरोधामुळेच डिस्ने मागे हटली, असं सांगितलं तर गोष्ट सुबक होते, पण अपुरी. पॅरिसजवळचं युरो डिस्ने एप्रिल 1992 मध्ये उघडलं होतं आणि तोट्यात रुतलं होतं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रेंच शेतकऱ्यांनी अमेरिकी शेती धोरणाच्या निषेधार्थ ट्रॅक्टर आणून त्याची दारं अडवली होती. आपल्या दारात कोणाचा राग येऊन उभा राहील हे आपल्या हातात नसतं, हे कंपनीला तेव्हा कळलं. 3 एप्रिल 1994 ला कंपनीचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले. जुलैत आयस्नर यांच्या हृदयावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये चित्रपट विभागाचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग भांडून बाहेर पडण्याच्या मार्गाला लागले. त्यात व्हर्जिनियाचा हिवाळा. फ्लोरिडासारखं बारमाही उद्यान तिथे चालणार नव्हतं, आणि खर्चाचा अंदाज वाढत चालला होता. आयस्नर यांनी पुढे आपल्या आठवणींत हे नोंदवलं आहे. विरोधकांनी काम एवढंच केलं, की निर्णय लांबवत नेला. लांबणीवर पडलेला प्रकल्प दर महिन्याला महाग होतो आणि दर महिन्याला मालकाला ‘हे कशाला हवंय?’ असा विचार करायची संधी देतो. काउंटीचं अंतिम मतदान दृष्टिपथात होतं, ते बहुधा डिस्नेच्या बाजूनेच गेलं असतं. त्या आधीच कंपनीने हात झटकले. व्हर्जिनियात दुसरी जागा पाहू, असं तेव्हा जाहीर केलं होतं. ती कधी पाहिली गेली नाही.

विजय झाला, मग जमीन वाचली का? डिस्नेसाठी राखलेल्या जमिनीच्या मोठ्या भागावर पुढे कुंपणाआडची वसाहत झाली, गोल्फ मैदानासकट. 1990 मध्ये प्रिन्स विल्यम काउंटीची लोकसंख्या 2 लाख 15 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 4 लाख 82 हजार झाली. आय-66 रुंद केला गेला आणि तरीही तुंबतो. डिस्नेचे समर्थक म्हणतात, बघा, घरं आलीच, गर्दी आलीच, फक्त कर आणि नोकऱ्या गेल्या. विरोधक म्हणतात, घोड्यांचा मुलूख अजून हिरवा आहे, तो डिस्नेनंतर राहिला नसता. मला दोघांचंही खरं वाटतं. कंपनी घालवणं आणि जमीन राखणं ही दोन निराळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारे जमीनवापराचे नियम करमणूक केंद्राच्या विरोधात मोर्चा काढून तयार होत नाहीत.

आता आपल्याकडे. मुंबईच्या उत्तर टोकाला गोराई, मनोरी, उत्तन ही गावं ज्या बेटावर आहेत त्याचं जुनं नाव धारावी बेट. झोपडपट्टीच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. 1989 मध्ये तिथे एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल बोटीने तिथे गेली आहे. बेटावरच्या कोळी, ईस्ट इंडियन आणि शेतकरी कुटुंबांच्या आठवणी मात्र निराळ्या आहेत. त्यांत खाजणजमीन आहे, तिवरं आहेत, पिण्याच्या पाण्याची चणचण आहे. 2006 च्या सुमारास याच भागात हजारो हेक्टरांवर पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ही गावं एकवटून उभी राहिली आणि ते क्षेत्र झालं नाही. करमणूक केंद्र आधी येतं, त्याच्या मागून मोठी जमीन मागितली जाते, हा क्रम हेमार्केटला एका दमात दिसला. गोराईला तो कळायला सतरा वर्षं लागली.

महालक्ष्मीचं प्रकरण याहून शहरी. 1883 पासूनचं हे रेसकोर्स. जमीन काही महापालिकेची, बरीचशी राज्य सरकारची, आणि भाडेकरार टर्फ क्लबकडे. तो करार 2013 च्या मे महिन्यात संपला आणि महापालिकेतल्या सत्ताधारी शिवसेनेने तिथे थीम पार्कची कल्पना मांडली. तेव्हा ती पुढे सरकली नाही. दहा वर्षांनी वेगळ्या सत्ताधाऱ्यांच्या काळात ती पुन्हा आली आणि या वेळी विरोध करणाऱ्यांत आदित्य ठाकरे आघाडीवर होते. पक्षांच्या जागा बदलल्या, तरी रोज सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या आसपासच्या रहिवाशांची शंका दोन्ही वेळा तीच राहिली: आज मोकळं आहे ते उद्या बांधलेलं असेल, आणि आज फुकट आहे त्याला उद्या तिकीट लागेल. बांधकाम होणार नाही, ते सर्वांसाठी खुलं सेंट्रल पार्क असेल, असं अधिकाऱ्यांनी वारंवार सांगितलं. जून 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 91 एकर क्लबकडे 2053 पर्यंत भाड्याने ठेवून 120 एकर महापालिकेला देण्याचा निर्णय घेतला. किनारी रस्त्यालगतची सुमारे 175 एकर हिरवी जागा त्याला जोडायची योजना आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, आणि केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत अपेक्षा आहे दहा ते बारा चौरस मीटरची. अशा शहरात घोडे धावण्याच्या जागेवर लोकांना चालायला मिळणार असेल तर ते मला नकोसं नाही. पण जमिनीखाली काय येणार, तिथे पोचायला कुठून रस्ता काढणार, आणि देखभालीचा पैसा कशातून उभा करणार, याची उत्तरं लेखी मिळेपर्यंत रहिवाशांनी हरकत घेत राहणं योग्यच आहे. कडेच्या जमिनीचं काय, हा प्रश्न इथेही पाळण्यांपेक्षा मोठा आहे.

मनॅससला आता चौथा लढा चालू आहे. या वेळी समोर करमणूक नाही, संगणकांची कोठारं आहेत. डिसेंबर 2023 मध्ये रात्रभर चाललेल्या सुनावणीनंतर काउंटीने रणांगणाला लागून 2,100 एकरांवर डेटा सेंटर उभारायला मंजुरी दिली. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ती मंजुरी रद्द ठरवली. कारण धूर नव्हतं, पाणी नव्हतं, इतिहासही नव्हता. सुनावणीची जाहीर नोटीस कायद्याने सांगितलेल्या रीतीने प्रसिद्ध झाली नव्हती. त्यावर पुढे अपील झालं, पण काम अडलं ते एका नोटिशीपायी.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर तशी सूचना प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. मुदत असते एक महिना. सूचना येते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात. तुमच्या वॉर्डातल्या मैदानाचं, तलावाचं किंवा खाजणाचं नाव तिथे दिसलं, तर हरकत त्या महिन्यातच लिहून द्या आणि पोच घेऊन ठेवा.